माझी वाट, यशोदाच्या तोंडून

दिवाळी होऊन आठवडाही झाला नाही आणि घरामागच्या धानाच्या बांधीत विळे चालू लागले. आज सकाळी दार उघडलं तर कापलेल्या धानाचा वास थेट अंगणात येऊन बसलेला. थोडा गोड, थोडा कुजका, चिखल आणि तणस यांच्या मधला. पायरीवर किती वेळ उभी होते कोण जाणे. आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "काऊन उभी राहिली तिथं? चहा ठेव न."

ह्यांना कसं सांगू, की या वासानं माझे तळपाय जागे होतात? गेल्या वर्षी याच दिवसांत मी दूरदेशाहून परत आले होते. तेरा दिवस चालून आले होते, आणि ते चालणं कुणाला सांगावं ते समजत नव्हतं. लोकांना वाटतं प्रवास परत आल्यावर संपतो. माझा तर अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा आमच्या चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बंधाऱ्यावर, व्हायचा होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

एकतीस वर्षं मी आरोग्यसेविका होते. उपकेंद्र एक, गावं पाच, आणि मधे नुसते धुरे, शेतांमधले अरुंद बांध. पावसाळ्यात धुऱ्यावरून चालायचं म्हणजे एक पाय पुढच्याच्या रेषेत ठेवायचा, साडी वर खोचायची, आणि घसरलंच तर पोरांच्या लसी असलेल्या डब्याच्या बाजूला घसरायचं नाही. तो डबा यशोदाच्या खांद्याला असे. यशोदा उपकेंद्रातली परिचर. बुटकी, काटक, तोंडानं अखंड चालू. माझ्याहून एका वर्षानं लहान. ती आली तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत अठ्ठावीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला चालली. कोणत्या घरात कोणतं पोर कितव्या महिन्याचं, कोणाची सून माहेरी गेली, कोणत्या घरचं कुत्रं चावतं, हे सगळं तिच्या डोक्यात. मी रजिस्टर लिहायची, ती रजिस्टर होती.

आम्ही किती चाललो असू? कधी मोजलं नाही. नोकरीत चालण्याला चालणं म्हणत नाहीत, ड्युटी म्हणतात.

निवृत्तीनंतर दोन वर्षं माझे पाय रिकामे होते. सकाळी सहाला उठायचे आणि कुठं जायचंच नाही. पल्लवी, माझी लेक, पोर्तुगालला एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिनं फोनवर सांगितलं, "आई, इथे समुद्राकाठून स्पेनपर्यंत एक जुनी पायवाट आहे. लोक जगभरातून येतात आणि नुसते चालतात. शेवटी एक मोठं चर्च लागतं. तू येतेस का? मला चार दिवस सुट्टी मिळेल, चार दिवस मी सोबत येईन." मी विचारलं, "आणि पुढे?" ती म्हणाली, "पुढचं पुढे बघू."

निघायच्या आदल्या दिवशी यशोदा आली. पोह्याचा चिवडा आणि लिंबाचं लोणचं घेऊन. तिनं माझे नवे बूट हातात घेऊन उलटे केले, तळ दाबून पाहिले.

"कोन संगं चालते?" तिनं विचारलं.

"पल्लवी."

"हो," ती म्हणाली. बूट जागेवर ठेवले आणि गेली. अठ्ठावीस वर्षांत इतकं लहान वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात पासपोर्ट होता, विमान होतं, स्वेटर होते. त्या 'हो'कडे मी लक्ष दिलं नाही.

समुद्र मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव. पाळीनं बांधलेलं, ज्याचा पलीकडचा काठ दिसतो. हे पाणी कशानंच बांधलेलं नव्हतं. त्याच्या कडेनं वाळूवर लाकडी फळ्यांची वाट टाकलेली, आणि फळ्यांवर बूट पडले की ढोलकीवर बोटं मारल्यासारखा आवाज. भिंतीवर, दगडावर, विजेच्या खांबावर पिवळे बाण रंगवलेले. रस्ता विचारायला तोंड उघडावं लागत नाही. प्रत्येक मुक्कामाला एका पुस्तिकेवर शिक्का मारून देतात. ती पुस्तिका मी लसीकरणाच्या कार्डासारखी जपली. एकही डोस चुकता कामा नये.

चौथ्या दिवशी पल्लवीची सुट्टी संपली. बसस्टँडवर ती म्हणाली, "आई, परत चल. एकटी कशी जाशील? तुला भाषा येत नाही."

मी म्हटलं, "बाण येतात न."

ती हसली, मग रडली, मग बसमध्ये चढली. आणि मी एकटी वळले. पाठीवर सात किलोची पिशवी, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर पल्लवीची लाल टोपी. सांगते, त्या पहिल्या एकटीच्या तासात माझ्या छातीत जे वाजत होतं ते भीतीचं नव्हतं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी एकटीनं एक बाळंतपण केलं होतं, आणि बाळ रडल्यावर बाहेर येऊन आडावर हात धुतले होते. तसं वाजत होतं.

मग कितीतरी दिवस. निलगिरीची जंगलं, ज्यात सर्दीच्या औषधाचा वास. दगडी खांबांवर उभी केलेली मक्याची लहान लहान कोठारं, उंदीर चढू नयेत म्हणून. त्यांच्याकडेही तेव्हा सुगीच होती. द्राक्षं तोडणाऱ्या बाया कमरेत वाकलेल्या, डोक्याला रुमाल, आणि एकीनं मला पाहून पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला, अगदी आमच्यासारखा. ती तिच्या भाषेत काही बोलली. मी माझ्या भाषेत म्हटलं, "हो न वो, कंबर जाते." दोघी हसलो.

एक नदी लागली. ती लहान नावेनं ओलांडायची. अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेन, दहा मिनिटांचं पाणी. पलीकडे उतरले तर घड्याळ एक तासानं पुढं गेलेलं.

आणि फोड. चालणाऱ्यांच्या पायाला येणारे फोड. एका मुक्कामी हॉलंडचा एक धिप्पाड माणूस टाच धरून बसलेला. कातडी ओढून काढायच्या बेतात होता. माझ्या तोंडून आपोआप ओरड निघाली, "अरे, हात नको लावू!" शब्द त्याला समजले नाहीत, सूर समजला. मी सुई काढली, स्पिरिटनं पुसली, खालच्या कडेला टोचून पाणी काढलं, कातडी तशीच ठेवून पट्टी केली. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामावर मी पोचायच्या आधी माझी बातमी पोचलेली. बाकावर पाच जण बूट काढून रांगेत बसले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "नंबरानं या." त्या दिवसापासून सगळे मला त्यांच्या भाषेत नर्स म्हणू लागले.

तेराव्या दिवशी त्या मोठ्या चर्चसमोरच्या दगडी चौकात पोचले. ऊन स्वच्छ होतं. लोक पिशव्या टाकून एकमेकांना मिठ्या मारत होते, कोणी जमिनीवर आडवे पडले होते. हॉलंडचा माणूस धावत आला, त्यानं मला अक्षरशः उचललं. मी जिंकले होते. साठ वर्षांची झाडीपट्टीतली नर्स, पायी आली होती. आणि खाली उतरल्यावर मी पहिलं काय केलं, तर डाव्या हाताला पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

घरी आले तेव्हा लवकर पिकणारा हलका धान कापून बांधीत पसरलेला होता. दोन दिवस गाव येत राहिलं. मी मोबाइलवर फोटो दाखवत राहिले. हा समुद्र, हे चर्च, ही मी आणि हा हॉलंडवाला. बाया बोटानं फोटो सरकवत आणि मधेच विचारत, "भात कितव्या दिवशी भेटला?" "बाथरूम दूर होतं का वो?" मी म्हणे, "ते सांगते नंतर, आधी हे पाहा." आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न शेवटी यायचा, "पन सिस्टर, चालाले तिकडे कायले गेल्या? इकडे रस्ते नाई का?"

बचत गटाच्या बैठकीत मला बोलायला लावलं. मी आत्मविश्वास, जिद्द, महिला सक्षमीकरण असे शब्द वापरले. वीस मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या. बाहेर येताना एक म्हातारी दुसरीला म्हणत होती, "सिस्टर मीटिंगीतलंच बोलली. लसीच्या वेळेस बोलत होती तसंच." माझे कान गरम झाले. खरं होतं.

यशोदा या सगळ्यात कुठंच नव्हती. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या बांधीत गेले. ती कापत होती. मुठीत धान धरायचा, विळा ओढायचा, मुठी ओळीनं जमिनीवर टाकायच्या. तिनं मान वर केली नाही.

"यशोदा, तुझ्यासाठी आणलंय," मी म्हटलं. माझ्या हातात एक रुमाल होता, त्यावर पिवळा बाण छापलेला.

"ठेवा धुऱ्यावर."

"आली काऊन नाहीस?"

विळा थांबला. ती उभी राहिली. "अट्ठावीस वर्षं संगं चाललो, सिस्टर. उन्हात, पान्यात. अन् तुम्ही खऱ्या चालन्याले गेल्या त मले इचारलं बी नाई."

"तुझा पासपोर्ट नव्हता, यशोदा."

"माहा पासपोर्ट नोता. तुम्हाले तोंड त होतं न? 'येतं का' म्हनाले काय लागते? मी नाईच म्हटलं असतं. पन इचारलं असतं त!"

मी धुऱ्यावर बसले. बगळे कापलेल्या भागात उतरून किडे टिपत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती पुन्हा वाकली. चार मुठी कापल्या. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "फोटू मले नका दाखवू. फोटूत कोनी चालत नाई. सांगाचं असंल त चालून सांगा. पयल्या दिवसापासून. सगळं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी तलावाच्या पाळीवर होतो. अडीच वर्षांनी ती पुन्हा माझ्या डाव्या हाताला. पाण्यावर पांढरी वाफ, खाली नहराच्या दोन्ही बाजूंना पिवळा धान दूरपर्यंत. मी म्हटलं, "पहिला दिवस. सकाळी साडेसातला निघालो. समुद्र..."

"थांबा. समुद्र मंगं. पायाखाली काय होतं?"

"फळ्या. लाकडाच्या."

"वल्या का कोरड्या?"

मला थांबून आठवावं लागलं. ओल्या होत्या. दवानं. आणि पहिल्याच वळणावर मी घसरले होते, पल्लवीनं दंडाला धरलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझी मीच विसरले होते. यशोदाच्या एका प्रश्नानं ती फळी पायाखाली परत आली. हवेचा खारटपणा, मासे वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास, पल्लवीच्या बोटांची पकड, सगळं त्या फळीमागून ओळीनं आलं. त्या सकाळी मला समजलं की एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, पण सांगणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

रोज सकाळी एक दिवस. असं ठरलं. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, तेवढ्यात पोर्तुगालचा एक दिवस बसवायचा. तिसऱ्या सकाळी बचत गटातल्या दोघी मागे आल्या. चौथ्या सकाळी चार. कापणीला जाणाऱ्या बाया हातात विळा आणि डोक्यावर शिदोरी घेऊन वाट वाकडी करून आमच्यात शिरत, आणि आपल्या बांधीचा फाटा आला की गुपचूप उतरून जात. संध्याकाळी दुकानावर एकमेकींना विचारत, "मंग, त्या हॉलंडवाल्याच्या टाचेचं काय झालं?" एक नवी सून होती, सासू तिला एकटीला आडावरही पाठवत नसे. ती सासूला म्हणाली, सिस्टरच्या संगं जातो. सासूनं विचार केला आणि म्हणाली, "चाल, मी बी येतो." दोघी आल्या. सून पुढं, सासू मागं, आणि परतताना मी पाहिलं, दोघी बोलत चालल्या होत्या.

आठवी सकाळ माझ्यासाठी कठीण होती. कारण आठव्या दिवसाचं खरं काय ते मी कुणालाच, पल्लवीलाही सांगितलं नव्हतं.

"आठव्या दिवशी काय झालं?" यशोदानं विचारलं.

"पाऊस होता," मी म्हटलं. "चालले. पोचले."

पंधरा-वीस पावलं गेली. मग हळू आवाजात, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "सिस्टर, खोटं नका सांगू. तुमची चाल बदलून राहिली."

मग मी सांगितलं. आठव्या दिवशी सकाळपासून पाऊस. उजवा गुडघा सुजलेला. एका लहान गावातल्या बसथांब्यावर बसले आणि रडू लागले. साठ वर्षांची बाई, ओळखीचं माणूस नाही, आपलं म्हणावं असं एक अक्षर पाटीवर नाही. ठरवलं, पुरे. येईल ती बस पकडायची, पल्लवीला फोन करायचा.

"मंग? बस आली?"

"आली."

"दरवाजा उघडला?"

"उघडला. ड्रायव्हर हातानं या म्हणत होता. आत गरम होतं, काचांवर वाफ होती."

"मंग बसल्या काऊन नाई?"

मी चालता चालता थांबले. मागच्या बायाही थांबल्या. आता सगळ्या ऐकत होत्या, आणि मला लपवावंसं वाटेना. "कारण मला वाटलं, घरी गेल्यावर यशोदा विचारेल. पायी गेल्या का सगळं? आणि मला सांगावं लागेल, की मधे बसनं गेले."

पाण्यातून एक पाणकोंबडी सळसळत गेली. यशोदानं पदरानं नाक पुसलं आणि जोरात म्हणाली, "चाला आता. धान कापाचा आहे."

पण त्या दिवसानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलू लागली. म्हणजे अखंड.

तेराव्या सकाळी आम्ही बावीस जणी होतो. पाळीच्या टोकाला पोचून मी म्हटलं, "आणि मग तो चौक आला." आणि बावीस बायांनी तिथं, चोरखमाऱ्याच्या काठावर, टाळ्या वाजवल्या. एकीनं तर शिट्टी मारली. कोण ते अजून कबूल झालेलं नाही.

मग आमच्या गावची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, एका दिवसाची जत्राच. पाहुणे येतात, उसाचे भारे, उकडलेल्या सिंगाड्यांचे ढीग, पिपाण्या, आणि दुपारी मोकळ्या मैदानात दंडार, आमचा नाचगाण्याचा खेळ, रंगते. मंडईचे अध्यक्ष गोपालभाऊ, ट्रॅक्टर भाड्यानं देणारे, मोठ्या आवाजाचे. दंडार सुरू होण्याआधी त्यांनी न विचारता माइकवर जाहीर केलं, "आपल्या गाव की शान, परदेश से पैदल चलके आयी हुई आपली सिस्टर, दोन शब्द बोलतील!"

मला मंचावर ढकललं. समोर हजारभर माणसं. बैलगाड्यांवर, ट्रॉलीवर, कडुलिंबाच्या फांद्यांवर. माझ्या हातात माइक आला आणि माझं तोंड पुन्हा मीटिंगीचं झालं. "सन्माननीय अध्यक्ष महोदय," मी म्हटलं. "जिद्द असेल तर..." लोक सिंगाडे सोलू लागले. मला दिसत होतं, मी त्यांना गमावत होते. पुढचं वाक्य येईना.

"असं नाई वो सिस्टर!"

गर्दीतून आवाज आला आणि आवाजामागून यशोदा. साडी खोचून, मी दिलेला बाणाचा रुमाल डोक्याला बांधून, ती बाजूच्या लाकडी बल्लीवर पाय देऊन मंचावर चढली. माझ्या हातातून माइक घेतला, जसा एके काळी माझ्या हातातून रडतं पोर घेत असे.

"आयका," ती म्हणाली. "पयल्या दिवशी पायाखाली वल्या फळ्या. पाय घसरला, पोरीनं धरलं, नाईत सिस्टर समुद्रात गेल्ती."

मैदान हसलं. सिंगाडे थांबले.

आणि मग तिनं सांगितलं. निलगिरीचं जंगल सांगितलं, खोकल्याच्या बाटलीत शिरल्यासारखं. नदी सांगितली, "नावेत बसलं का नऊ वाजले होते, दहा मिन्टानं उतरलं त दहा वाजून गेले, अन् घंटाभर आयुष्य कोनं खाल्लं त सरकारले बी माहीत नाई." हॉलंडवाल्याची टाच सांगताना तिनं एका धिप्पाड पोलीसपाटलाला मंचावर बसवून त्याच्या पायावर सगळी क्रिया करून दाखवली. पोलीसपाटील ओरडला, मैदान हसून लोटपोट झालं. आठवा दिवस तिनं सांगितला तेव्हा मात्र आवाज खाली आणला. बस आली, दरवाजा उघडला, आत ऊब. "अन् सिस्टरनं बसवाल्याले सांगितलं, जा बाप्पा तू. मी चालतो." ट्रॉलीवरची माणसं उभी राहिली होती. मी मंचाच्या कडेला उभी राहून माझीच गोष्ट ऐकत होते, आणि पुढं काय होईल म्हणून मीही टाचा उंचावल्या होत्या.

तिनं चौकात नेऊन सोडलं तेव्हा जी टाळी उठली, तशी मी त्या परदेशातल्या चौकातही ऐकली नव्हती.

कडुलिंबावरून कोणीतरी ओरडलं, "यशोदाबाई, तू गेली होती का वो तिकडे?"

"गेल्ती न!" तिनं माइकवर ठणकावून सांगितलं. "तेरा दिवस गेल्ती. रोज सकाळी!"

ढोल सुरू झाला. पण ती माइक सोडेना. गोपालभाऊ हात पुढं करून उभे, आणि ती बोलतच होती. "अन् आता आयका. मी शाळेच्या गुरुजींले इचारून आली. नेपाळले जाले पासपोर्ट लागत नाई. मतदान कार्डावर जाता येते. सिस्टर," आणि ती माझ्याकडे वळली, हजार माणसांसमोर, "येता का?"

मी 'हो' म्हटलं. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

फाल्गुनात आम्ही चौघी गेलो. मी, यशोदा, आणि ती सासू-सून. गोंदियाहून रेल्वे, मधे एक गाडी बदलून गोरखपूर, तिथून बसनं सीमेपर्यंत. सीमेवरच्या शिपायानं यशोदाचं मतदान कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जा म्हणाला. ती दोन पावलं पुढं गेली, परत आली, पुन्हा गेली. "पाहून राहिली," ती म्हणाली, "परदेश कुठून सुरू होते ते." कमान ओलांडताना तिनं वाकून माती कपाळाला लावली. मग जराशी चाखूनही पाहिली असावी, कारण नंतर म्हणाली, "आपल्यासारखीच आहे."

पुढं बसनंच पहाडापर्यंत, आणि मग दगडी पायऱ्या हजारोंनी. दोन्हीकडे लालभडक फुलांची गुरांसची झाडं, मधूनच घंटा वाजवत येणारी खेचरं. आम्ही धानाच्या देशातल्या बाया, सपाट जमिनीच्या. आमच्याकडे उंच म्हणजे तलावाची पाळ. पहिल्या दिवशी सासू दर दहा पायऱ्यांवर बसली. दुसऱ्या दिवशी दर पन्नासवर. तिसऱ्या दिवशी तीच पुढं होती आणि सुनेला म्हणत होती, "उचल न पाय, तुह्या वयात मी..." सून हसून हसून बसली.

घोडेपानी नावाच्या गावात पोचलो आणि माझा उजवा गुडघा नारळाएवढा झाला. दुसऱ्या सकाळी वरच्या टेकडीवर जायचं होतं. तिथून हिमाच्या रांगा दिसतात. मी स्वतःच गुडघा तपासला, दाबला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना जो सल्ला दिला तो स्वतःला दिला. "मी जाणार नाही," मी म्हटलं. यशोदा माझ्या शेजारी बसली. "मंग मी बी नाई."

"तू जायचंस," मी म्हटलं. "तू गेली नाहीस तर मला कोण सांगणार?"

ती उठली, बुटाची लेस करकचून बांधली, आणि त्या दोघींना घेऊन सकाळच्या उन्हात वर गेली. मी लॉजच्या अंगणात बाकावर, पाय लांब करून, गुडघ्यावर ओलं फडकं. मालकीण चहा आणून द्यायची आणि वर बोट करून काही म्हणायची. तीन तास मी त्या वाटेकडे पाहत बसले. मला जराही वाईट वाटत नव्हतं. मी वाट पाहत होते, आणि अशी वाट माझ्यासाठी त्या तेरा दिवसांत कुणीतरी पाहिली असेल का, असं वाटून मात्र डोळे भरून आले.

साडेदहाच्या सुमारास ती दिसली. गुरांसच्या झाडांमधून, पुढं तीच. तोंड उन्हानं आणि वाऱ्यानं तांबडं झालेलं. अंगणात आली, माझ्या डाव्या बाजूला बसली, बूट काढले. ती धाप टाकत होती.

"पांढरं," ती शेवटी म्हणाली. "सिस्टर, इतकं पांढरं मी कधी पाह्यलं नाई. अन् ढग खाली. आपन वर, ढग खाली. तिथं गेलं न मले रडूच आलं. मंग मी वरडली. जोरात."

"काय ओरडलीस?"

ती जरा लाजली. इतक्या वर्षांत मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

"कुसुम," ती म्हणाली. "'कुसुम' म्हनून वरडली. सिस्टर म्हटलं असतं त कोन्या सिस्टरले बलावून राहिली, पहाडाले कसं समजलं असतं?"

माझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तिचा हात धरला. तो थंडगार होता.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय," यशोदा म्हणाली, "पहाडानं बी म्हटलं. तीन डाव."